माघारी नाही आलास तरी

चैत्रातल्या कलत्या उन्हाची तिरीप रंगपटाच्या खिडकीतून आत आली, की कुमुदवहिनी आरशासमोर बसून तोंडाला खोबरेल चोपडायच्या. तो वास अजूनही माझ्या मनात त्यांच्याआधी पोचतो. एकदा रंग चढला की घरचं अक्षरही काढायचं नाही, हा त्यांचाच दंडक. कुणी नुसतं ‘गॅस बंद केला होता ना मी?’ म्हणालं, तरी डोळे वटारायच्या.

आमच्या हौशी मंडळाच्या जुन्या ऐतिहासिक नाटकात त्या वीरमाता, आणि मी संहिता घेऊन विंगेत उभा राहणारा प्रॉम्प्टर. रणावर निघालेल्या मुलाला ओवाळून त्या म्हणायच्या, “जा बाळा, घराण्याची अब्रू राख. माघारी नाही आलास तरी चालेल.” त्या ‘चालेल’वर त्यांचा स्वर असा काही तेजाळायचा, की अख्खं सभागृह दणाणायचं. मान काय, त्याग काय, सगळं आम्हाला त्या एका शब्दात उमगलंय असं वाटायचं. वाटायला आपलं काय जातं!

त्या वर्षी मात्र त्यांचा मुलगा सुधीर खरोखरच सीमेवर होता आणि दोन दिवसांपासून त्याचा फोन लागत नव्हता. प्रयोगाला आल्या आल्या त्यांनी आपला मोबाइल माझ्या हाती सोपवला. “वाजला तरी प्रयोग संपेस्तोवर मला सांगू नका,” म्हणाल्या.

तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. त्यांनी मुलाला ओवाळलं. “जा बाळा, घराण्याची अब्रू राख,” एवढं म्हणून त्या थांबल्या. मी पुढचं कुजबुजलो. पुन्हा कुजबुजलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मग पाया पडून उठलेल्या त्या नटाचं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, “लवकर ये रे.” टाळी एकही पडली नाही. पोरगा बिचारा निघायचं कसं म्हणून गोंधळून उभा.

विंगेत आल्या त्या तोंडावरच्या रंगासकटच माझ्यापुढे उभ्या राहिल्या. “आला का हो फोन?”

“नाय वहिनी, अजून नाय.”

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सुधीर सुखरूप होता. पुढं सुट्टीवर घरीही येऊन गेला. नाटकाचे प्रयोग अजून चालू आहेत. माझ्या आठवणीत मात्र कुमुदवहिनींनी ते मनगट अजून सोडलेलं नाही.