ओकुदानीत काही नाही

सकाळपासून तोमिएबाईंचा पाय घरात ठरत नव्हता. पाहुणी ओढ्याकडे फिरायला गेली होती. वाटेत तिला कोण भेटेल आणि काय बोलून बसेल, या धास्तीनं त्या दारापर्यंत जात आणि परत चुलीपाशी येत.

पाहुणी म्हणजे मिझुशिमा, टोकियोच्या एका मासिकातली. क्योतोत माणसाला माणूस ढकलतोय, तेव्हा कुणी न पाहिलेली गावं शोधून त्यांच्यावर लिहायचं, हे तिचं काम. ओकुदानी गावात उतरायची सोय फक्त तोमिएबाईंच्या घरी होती, आणि तिथं येणारे पाहुणे बोटांवर मोजण्याइतके. हिरोशिमाच्या लेकीनं, साएकोनं, निक्षून सांगितलं होतं, "आई, पानं गळेपर्यंत पाहुणे वाढले तर ठीक. नाहीतर घराला कुलूप आणि तू माझ्याकडे." तोमिएबाई हो म्हणून बसल्या होत्या. लेकीच्या त्या उंचावरच्या फ्लॅटमध्ये चार दिवसांतच त्यांचा जीव गुदमरायचा. आता सगळी भिस्त या पोरीच्या लेखावर होती.

आणि गावाची खोड तर जगावेगळी. परक्यानं कौतुक केलं की हात हलवून म्हणायचं, "छे छे, इथं काही नाही." घर, बायको, पोरं, गाव, जे जे आपलं त्याला नावं ठेवायची, म्हणजे माणूस भला.

म्हणून आदल्या दिवशी त्या शेजारच्या इवाओच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"इवाओभाऊ, ती विचारील इथं काय आहे. जरा चांगलं बोला."

"काय बोलू?"

"खाचरातलं पाणी बघा म्हणावं. संध्याकाळी बेडूक ऐका म्हणावं."

"बेडूक!" इवाओला हसता हसता ठसका लागला. "अगं तोमिए, टोकियोची बाई यायची आणि मी तिला बेडूक ऐकवू? लोक काय म्हणतील?"

"म्हणायला लोक उरलेत कुठं?" तोमिएबाई फणकारल्या.

मिझुशिमा परतली ती चिखलानं माखलेल्या बुटांनी, हातात बांबूचे कोवळे कोंब घेऊन.

"इवाओआजोबांनी दिले. म्हटलं, किती सुंदर गाव आहे तुमचं. तर म्हणाले, इथं काही नाही, वाट चुकून आलात बहुतेक. देवळापाशी एक आजी भेटल्या, त्याही तेच म्हणाल्या."

तोमिएबाईंनी मनातल्या मनात इवाओला शेलक्या शिव्या दिल्या. मग ते कोंब घालून त्यांनी भात केला. मिझुशिमानं मागून घेऊन खाल्ला. "काकू, असा भात मी जन्मात खाल्ला नव्हता."

"छे हो, खेड्यातलं आपलं काहीतरी," तोमिएबाई बोलून गेल्या, आणि जीभ चावली.

दुपारच्या बसला त्या पोरीला पोचवायला गेल्या. वाटभर मनात वाक्यं जुळवत होत्या. बस आली. पायरीवर पाय ठेवता ठेवता मिझुशिमा वळली.

"काकू, शेवटचं विचारते. इतक्या लांब लोकांनी का यावं? इथं आहे काय?"

सगळं ओठांवर होतं. पण हात आपसूक वर आला आणि तोंडासमोर हलला. "कसलं काय हो. इथं काही नाही."

दार मिटलं, बस निघाली. तोमिएबाईंना स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एकाच वाक्यात आपण आपलं घर बुडवलं. मग वयाचा विचार न करता त्या पळत सुटल्या, हात उंच करून. गावाबाहेर हात दाखवला की बस थांबते. चालक काताओकानं आरशात बघून ब्रेक मारला.

"काय विसरलं, मावशी? छत्री?"

"जीभ विसरले होते," धापा टाकत त्या वर चढल्या आणि मिझुशिमासमोर उभ्या राहिल्या. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली होती. "मघाशी मी खोटं बोलले. इवाओही खोटं बोलला. पहाटे दार उघडलं की खाचरातल्या पाण्यात अख्खा डोंगर उतरलेला असतो. जन्मभर बघतेय, मन भरत नाही. कुणीतरी दाराशी भाजी ठेवून जातं, नाव सांगत नाही. गर्दी नाही, घाई नाही. मला इथून जायचं नाही हो. मुळीच जायचं नाही."

हे त्या लेकीलाही कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचे कान तापले. काताओकानं पुढच्या रस्त्याकडे बघत बस पुन्हा सुरू केली.

मिझुशिमा म्हणाली, "लेखाचं संपादक ठरवतील, मी शब्द देत नाही. पण पुढच्या भातलावणीच्या वेळी मी स्वतः आले तर? तुम्ही असाल ना इथं?"

म्हातारीचं काय सांगावं, आज आहे उद्या नाही, असं म्हणायची रीत. ते शब्द तोमिएबाईंच्या ओठांपर्यंत आलेही. त्यांनी ते गिळले.

"असेन," त्या म्हणाल्या.

"मी ऐकलंय हां," काताओका पुढून म्हणाला. "पण साएकोला सांगणार कोण?"

"मीच सांगणार," तोमिएबाई म्हणाल्या. "पुढच्या वळणावर उतरव मला."