पुलापुढची वाट

पातूरच्या पुंजाराम आणि मैनाबाईचा फुलांचा मळा घरापासून काही फार लांब नव्हता. मध्ये ओढ्यावरचा बुटका पूल आणि त्यापुढे थोडा चढ, एवढंच. पण जन्मभर चुलीचा धूर खाऊन मैनाबाईची छाती कामातून गेली आणि तेवढी वाटही तिला पुरेनाशी झाली. पुलापाशी आलं की दम लागायचा. ती कठड्यावर बसायची, पुंजारामही शेजारी टेकायचा, आणि दोघं तिथूनच माघारी वळायची. मळा आता मुलगा गजेंद्र आणि सून दामिनी बघत. तू एकट्यानं तरी जाऊन ये, असं गजेंद्र बापाला म्हणायचा. तुझ्या मायला एकटं टाकून कसा जाऊ, असं पुंजारामचं ठरलेलं उत्तर. आपल्यापायी नवऱ्याचा मळा सुटला, हे मैनाबाईच्या मनाला लागून राहिलं होतं.

अकोल्याच्या ज्या दवाखान्यात ती जायची, तिथं चालायला मदत करणारं यंत्र आलं. कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना छोट्या मोटारी, मांड्यांना बांधायचे बंद. पाऊल टाकायला लागलं की यंत्र मांडी उचलायला हातभार लावायचं. व्यायाम शिकवणाऱ्या पौर्णिमाताईंनी तिला नीट सांगितलं, की यानं छाती बरी होणार नाही. पण पायांची मेहनत कमी झाली की आहे तो श्वास जास्त वेळ पुरेल. दवाखान्याच्या व्हरांड्यात सराव झाल्यावर यंत्र काही आठवड्यांसाठी घरी मिळालं.

लुगड्यावर बंद बसेनात, म्हणून दामिनीनं आपली सलवार, कमीज आणि ओढणी दिली. या वयात सलवार घालून गावातून जायचं, याचीच मैनाबाईला जास्त धास्ती होती. पण शेजारणी यंत्र बघण्यातच गुंतल्या.

पूल आला. ती सवयीनं थांबली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की अजून श्वास आहे. पुंजाराम मात्र कठड्यावर टेकला होता.

"चला ना," ती म्हणाली.

"तू हो पुढं. मी येतो."

ती चढ चढली. वर पोचल्यावर धाप लागली, तशी ओठ आवळून हळूहळू श्वास सोडत उभी राहिली. मग मळ्यात शिरली. शेवंती भरात होती. गजेंद्रनं खाट आणली, पण ती बसली नाही. ओच्याची सवय असलेला हात दोनदा रिकामा गेला, तेव्हा तिनं ओढणीत फुलं घेतली. पुंजाराम आलाच नाही.

परतताना तो पुलाच्या कठड्यावरच दिसला. पायजमा वर करून गुडघा चोळत होता.

मैनाबाई शेजारी बसली. "कधीपासून दुखून राहिलं?"

"झाले दोन-तीन वर्षं. चढ चढवत नाई."

"मंग सांगतलं काहून नाई? मले वाटे, माह्यापायी तुमी अडकून पडले."

पुंजारामनं पायजमा खाली ओढला. "तुयासाठी थांबतो म्हटलं की कोणी इचारत नव्हतं. मले सोपं पडे."

तिला राग आला, आणि त्याच वेळी छातीवरचं कसलंसं ओझंही उतरलं. मग ओढणीतली फुलं त्याच्या पुढ्यात ओतली आणि बंद सैल करायला त्याची मदत मागितली.

पुढच्या खेपेला अकोल्याला गेल्यावर तिनं आधी त्याला हाडांच्या डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टरांनी व्यायाम आणि काठी सांगितली. काठीला तो नाही म्हणत होता. बाहेर पडल्यावर मैनाबाईनं दवाखान्यासमोरच्या दुकानातून ती घेतलीच.

मुदत संपल्यावर यंत्र परत करायला दोघं गेली. ज्याची पाळी होती तो सहदेव नावाचा माणूस बाकावर बसला होता, आणि यंत्र आपल्याला ओढत नेईल म्हणून घाबरला होता. मैनाबाई त्याच्याजवळ गेली.

"ओढत नाई ते," ती म्हणाली. "तुमी आधी पाऊल उचला, मंगच ते उचलते. अन् वाटेत कोणी संगं असलं, तर मागं वळून पाहत जा."