फरशीवरचा थेंब

पोर्चमध्ये नवी फरशी बसली आणि काकांच्या जुन्या जीपचे दिवस भरले. फरशी पांढरीशुभ्र होती. पांढरी नको, असं काका म्हणाले होते. पण त्या घरात रंगांबाबत काकांचं मत विचारतात, मानत नाहीत.

जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांमागे पोलादाचा एकेक गोळा होता, नारळाएवढा. चाक वळायचं ते या गोळ्याभोवती. गोळ्याच्या आत तेल, बाहेरून रबराचं सील. सील म्हातारं झालं, गोळ्यावर गंजाचे खड्डे पडले आणि तेलाला बाहेरच्या जगाची ओढ लागली. काकांच्या मते हा दोष नव्हताच.

"गळतंय म्हणजे आत तेल आहे," ते म्हणायचे. "गळायचं थांबलं की काळजी करायची."

"मग अहो, आता काळजी करायला लागा," काकू म्हणाल्या. "रविवारच्या दुपारच्या चहापर्यंत मुदत. माझा शेवटचा घोट होईपर्यंत या फरशीवर एक थेंब जरी पडला, तरी जीप छोटूची."

छोटू म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. लहानपणी छोटा असेलही. आता तो दारातून आत यायचा तेव्हा आधी पोट यायचं, मग जरा वेळाने पाहुणा. गावाबाहेर त्याचं हॉटेल होतं आणि त्याच्या फाटकाशी त्याला ही जीप उभी करायची होती, बॉनेटमध्ये फुलझाडं लावून.

"आणि इंजिन?" काकांनी विचारलं होतं.

"काढायचं भाऊजी. इंजिन असलं की माती कुठे भरणार?"

त्या रात्री काका जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजच्या मिस्त्रींना गाठलं. मिस्त्री आणि काका एका वयाचे, जीप दोघांहून थोडी लहान. जीप जॅकवर चढली, चाकं निघाली. मिस्त्रींनी गोळे रॉकेलने धुतले, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, बारीक पॉलिश पेपरने घासून असे गुळगुळीत केले, की काकांनी त्यात स्वतःचे केस नीट करून घेतले. बाहेरची सीलं नवी बसली. आत पातळ तेलाऐवजी काळं, दाट ग्रीस भरलं.

"हे गळत नाही," मिस्त्री म्हणाले. "पण अ‍ॅक्सलकडचं जे आतलं सील आहे ना, तेही गेलंय. तिकडचं तेल या ग्रीसमध्ये आलं, की त्याचं सार होणार. आणि ते निसटायला जागा शोधणार."

"मग बदला की ते सील."

"पूर्ण खोलावं लागेल. माल मागवायचा. रविवारपर्यंत नाही व्हायचं."

"रविवारपर्यंत सार होईल?"

मिस्त्रींनी जीपकडे पाहिलं, मग काकांकडे. "फार वळवू नका," एवढंच म्हणाले.

काकांनी जीप सरळ रेषेत घरी आणली. वाटेत वळणं होती. ती त्यांनी नाइलाजाने आणि श्वास रोखून घेतली.

शनिवारी छोटू बॅग घेऊन हजर. ताईची फार आठवण येत होती म्हणे. काकूंनी त्याला शिलाई मशीनच्या खोलीत गादी घालून दिली.

रविवारी सकाळी त्याच्या हाकेनेच घर जागं झालं. "ताई! अगं ताई, बघ तरी!"

पुढच्या डाव्या चाकाखाली तीन थेंब. तीन, आणि एका ओळीत, बटणं लावल्यासारखे.

काकांचा चेहरा पडला. छोटूने खांद्यावर हात ठेवला. "मन घट्ट करा भाऊजी. शेवंती लावीन मी, तुम्हाला आवडते ती."

काका मात्र उकिडवे बसून थेंबाकडे पाहत राहिले. "अगं, हे बघ. माझ्या गोळ्यात आहे ते काजळासारखं काळं. अ‍ॅक्सलच्या तेलाला तर असा दर्प, की शेजारी खिडक्या लावतात. हा थेंब पाण्यासारखा स्वच्छ!"

काकूंनी थेंबाला बोट लावलं, वास घेतला. मग आत गेल्या आणि मशीनच्या तेलाची चिमुकली बाटली घेऊन आल्या.

"छोटू, ही परवा गळ्यापर्यंत भरली होती."

"उडालं असेल ताई. उकाडा किती आहे."

"झाकण लावून उडालं?"

छोटूची बोटं अजून चकाकत होती. त्याने ती खिशात घातली, त्यामुळे खिसाही चकाकला.

"बरं, सकाळचे थेंब मी टाकले!" दुपारी चहा आला तसा त्याचा धीर सुटला. "पण जीप गळतेच! मी सिद्ध करतो. भाऊजी, स्टिअरिंग फिरवा, पार कडेपर्यंत!"

आणि तो जीपखाली शिरला. म्हणजे छाती शिरली. पोट पुढच्या बंपरखाली अडकलं. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी कप उचलला आणि मानेनेच 'फिरवा' म्हटलं. काकांनी डोळे मिटून स्टिअरिंग फिरवलं.

क्षणभर काही झालं नाही. मग खालून विजयी आरोळी आली. "पडला! ताई, पडला! काळा आहे, घाण वासाचा आहे!"

काकू वाकल्या. "कुठे पडला?"

"माझ्या कपाळावर!"

"मग कपाळ पूस. अट फरशीची होती."

"अगं, दुसरा लोंबतोय! मी सरकलो की फरशीवरच पडेल, बघच तू!" छोटूने सरकायचा जोर केला. पोट हललं नाही. दुसरा थेंब त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरला, तिसरा तयार होऊ लागला.

"छोटूराव," काका हात जोडून म्हणाले, "घाई कसली? पडून राहा. आपलंच घर आहे."

चहा कढत होता. काकू तो नेहमी बशीत ओतून, फुंकर घालून, शेजारणीची खुशाली सांगत अर्धा तास पितात. त्या दिवशी त्यांनी कप सरळ तोंडाला लावला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत एका दमात रिकामा केला. मग तो बशीत उपडा ठेवला.

"मुदत संपली," त्या म्हणाल्या. "अहो, आता याला ओढून काढा. आणि उद्या ते आतलं सील मागवा, मिस्त्रींनी मला सांगितलंय."