रखमाक्काचा आवाज

आष्ट्यात धन्यकुमार मगदूम यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. उसाची लागण, हळदीचा करपा, हुमणीवरचं औषध, काहीही विचारा, अण्णा खुर्चीतून न उठता उत्तर देणार. गाण्यातल्या मात्र त्यांना दोनच गोष्टी कळत: गाणं सुरू झालं आणि गाणं संपलं. आणि नशिबाची गंमत बघा, बायको मिळाली ती गाणारी.

शालनताई मूळच्या सांगलीच्या. परकर-पोलक्यात होत्या तेव्हापासून तिथल्या एका बुवांकडे नाट्यपदं शिकलेल्या. बघायला आले तेव्हा त्यांनी एक पद म्हणून दाखवलं, तर अण्णा "छान" एवढं म्हणाले. ते पदाबद्दल होतं की हातातल्या शिऱ्याबद्दल, याचा उलगडा पस्तीस वर्षांत झाला नाही, आणि शालनताईंनीही कधी खोदून विचारलं नाही. लग्नानंतर त्या रोज पहाटे माडीवर तंबोरा घेऊन बसायच्या आणि अण्णा खाली दाढीला बसायचे. अण्णांच्या लेखी तो आवाज म्हणजे विहिरीवरच्या मोटारीसारखा. चालू असला की कुणाचं लक्ष नसतं.

मुलगी ब्राह्मी दहावीला होती त्या वर्षी सांगलीच्या एका हौशी मंडळानं संगीत नाटक बसवलं. नायिकेला पदं शिकवायला शालनताई एसटीनं जाऊ लागल्या. नायिका बँकेत नोकरीला होती. प्रयोग पंधरा दिवसांवर आला आणि तिची बदली नांदेडला झाली. सगळी पदं, सगळे संवाद, कुठं उठायचं नि कुठं बसायचं हे मंडळात तिच्याखालोखाल एकाच बाईला पाठ होतं. मंडळी आष्ट्याला घरी आली. अण्णांनी खूप विचार केला, दोनदा चहा झाला, आणि शेवटी परवानगी दिली ती अशी: तीन प्रयोग, चौथा नाही.

त्या नाटकाचे दोनशेच्या वर प्रयोग झाले. चौथ्याचा विषय कुणी काढला नाही, अण्णांनी तर मुळीच नाही. शालनताई प्रयोगाला बाहेरगावी गेल्या की सकाळी अण्णांना जाग यायची नाही आणि दुकान उशिरा उघडायचं. अण्णा त्याचं खापर घड्याळावर फोडायचे. दोन वर्षांत तीन घड्याळं बदलली.

पुढं नाटकं कमी झाली आणि मालिका आल्या. साताऱ्याच्या बाजूला लिंब गावाजवळच्या एका मळ्यात मोठ्या मालिकेचं शूटिंग सुरू झालं, तिथं खाष्ट सासू हवी होती. दिग्दर्शक वीरधवल हा साताऱ्याचाच तरुण. निवडीच्या दिवशी त्यानं शालनताईंना सांगितलं, समोर सून आहे असं समजा आणि भांडा. शालनताईंनी उभ्या जन्मात घरात आवाज चढवला नव्हता. त्या पाच मिनिटं अशा भांडल्या की दारात वाट बघणारे अण्णा गाडीत जाऊन बसले.

ती रखमाक्का सहा महिन्यांत घराघरांत पोचली. बुक्कीनं कांदा फोडून भाकरी खाणारी, सुनेला एका शब्दात गार करणारी. इकडं बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला आलेल्या बायका हळूच विचारायला लागल्या, की जैनाच्या घरची बाई कांदा खाते कशी? अण्णांनी शपथेवर सांगितलं, की फोडला तो कांदा, पण तोंडात गेली ती काकडी. निम्म्या बायकांनी ते मानलं.

दुकानात मात्र अण्णांचं भलतंच बस्तान बसलं. शेतकरी त्यांच्याकडं दयेनं बघू लागले. वाळव्याकडचे केरबा जाधव, फौजेतून सुभेदार म्हणून उतरलेले, एकदा खुर्ची जवळ ओढून म्हणाले, की आम्ही सियाचीनला राहिलो, पण अण्णा, तुमच्यासारखं आम्हाला जमलं नसतं. अण्णांनी नुसता सुस्कारा सोडला. खरं तर त्यांना या दयेची गोडी लागली होती. सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचा आग्रह झाला, कुणाचं लग्न जुळवायची गळ पडली, की अण्णा मान खाली घालून म्हणायचे, "घरात विचारावं लागंल." समोरचा माणूस लगेच माघार घ्यायचा. घरात शालनताई वेलदोडे सोलत बसलेल्या असायच्या आणि त्यांना यातलं काही ठाऊक नसायचं.

शूटिंगला अण्णाच त्यांना गाडीनं घेऊन जात. स्वतःला ते व्यवस्थापक म्हणवत. व्यवस्थापन म्हणजे काय, तर आंब्याखाली खुर्ची टाकून डबा सांभाळणं, आणि दिवस मावळायच्या आत शालनताईंचं जेवण झालंच पाहिजे म्हणून वीरधवलला तासातासाला सूर्य दाखवणं.

मागच्या मार्गशीर्षात मालिकेत एक नवा प्रसंग आला. रखमाक्का तरुणपणी गात होती, सासरी आल्यावर गाणं सुटलं, आणि आता एकटी असताना ती पहिल्यांदा गाते, असं काहीतरी. मुंबईहून एका तरुण गायिकेच्या आवाजात गाणं तयार होऊन आलं. शालनताईंनी आठवडाभर आधी घरी ते ऐकलं आणि शब्द पाठ केले. ब्राह्मीनं सांगलीच्या विश्रामबागेतल्या आपल्या घरून फोन करून विचारलं, की आई, तू गातेस हे त्यांना सांगितलं का नाहीस? तर म्हणाल्या, की त्यांनी विचारलं नाही.

त्या दिवशी अंगणात तुळशीपाशी कॅमेरा लागला. कोपऱ्यात मोठा स्पीकर होता. अण्णा आंब्याखाली डुलकीच्या तयारीत होते. गाणं सुरू झालं, शालनताईंनी ओठ हलवले, कुठंतरी चुकलं, पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या खेपेला अण्णांनी डोळे उघडले. काहीतरी खटकत होतं. पंपाच्या आवाजात फरक पडला की न बघता शेतकऱ्याला कळतं, तसं. ते उठले, डबा खुर्चीवर ठेवला आणि चालू शूटिंगमध्ये सरळ स्पीकरपाशी जाऊन उभे राहिले. सगळं थांबलं.

"हे यंत्र बिघडलंय," अण्णा म्हणाले.

ध्वनीचं बघणाऱ्या माणसानं सांगितलं, की यंत्र ठीक आहे.

"मग आवाज दुसरीचा का येतोय?"

वीरधवल हसू दाबत आला. त्यानं समजावून सांगितलं, की काका, आवाज मुंबईच्या गायिकेचा आहे, ताईंनी फक्त ओठ हलवायचे आहेत, सगळीकडं असंच करतात. अण्णांनी ते ऐकून घेतलं. खताच्या कंपनीचा माणूस नवीन औषधाचे गुण सांगतो तेव्हा ऐकून घेतात, तसं.

"आरं, पर ती गाती की," ते म्हणाले. "समद्या सांगलीला ठावं हाय. मला गाण्यातलं कळत न्हाई. कशात ते चुकतं नि कशात बरोबर, मला इचारू नको. पर पस्तीस वरसं सकाळी उठून हिचाच आवाज ऐकलाय. तोंड हिचं आणि आवाज दुसरीचा, हे मला बघवत न्हाई."

एवढं बोलल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते उगीच स्पीकरची वायर न्याहाळू लागले. वीरधवल शालनताईंकडं वळला. ताई, तुम्ही गाता? शालनताईंनी पदर सारखा केला.

"गाते थोडं."

त्यानं एकदा म्हणून दाखवायला सांगितलं. शालनताईंनी पेटी मागितली नाही, काही नाही. तुळशीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी तेच गाणं म्हटलं, पण एका पट्टीनं खालून आणि बरंच सावकाश, साठीकडं झुकलेल्या बाईनं म्हणावं तसं. स्वयंपाकाच्या तंबूतला मिक्सर बंद झाला. गाणं संपलं. वीरधवल फोन घेऊन उसाच्या बांधानं लांब चालत गेला. मुंबईशी अर्धा तास हुज्जत घालून परत आला आणि म्हणाला, की दोन्ही आवाजांत चित्रित करू, कोणतं ठेवायचं ते चॅनलवाले ठरवतील.

परतीला उंब्रजच्या अलीकडंच सूर्य टेकायला आला. अण्णांनी गाडी एका लिंबाखाली घेतली आणि डबा उघडला.

"दुसऱ्या अंतऱ्यात सूर जरा उतरला," शालनताई म्हणाल्या.

"मला तर चांगलं वाटलं."

शालनताईंचा घास हातातच राहिला. "काय? भेंडीची भाजी?"

"गाणं," अण्णा म्हणाले, आणि पाण्याची बाटली शोधायला गाडीत वाकले. बाटली त्यांच्या पायाशीच होती, तरी ती सापडायला वेळ लागला. शालनताई तेवढ्यात डोळे पुसून मोकळ्या झाल्या. मग म्हणाल्या, की उद्या पुन्हा यावं लागेल, दुसरा अंतरा परत घ्या असं मी वीरधवलला सांगणार आहे. अण्णांनी दुसऱ्या दिवशीही दुकान बंद ठेवलं.

चॅनलवाल्यांनी शालनताईंचाच आवाज ठेवला. साठीच्या रखमाक्काच्या तोंडून पंचविशीच्या पोरीचा गळा त्यांनाही विचित्र वाटला असावा. गाणं गाजलं. औंधच्या यात्रेत एका खेळण्यांच्या दुकानावर ते दिवसभर वाजत होतं, असं केरबा जाधवांनी येऊन सांगितलं. सांगताना ते अण्णांकडं दयेनं नव्हे, चक्क हेव्यानं बघत होते. त्याच आठवड्यात अण्णांचं नाव सोसायटीच्या निवडणुकीसाठी पुढं आलं. अण्णा सवयीनं म्हणाले, की घरात विचारावं लागेल. लोक म्हणाले, विचारा की, वहिनी कशाला नको म्हणतील, एवढ्या मायाळू बाई. अण्णा निवडून आले. अजून त्यांना दर महिन्याला बैठकीला बसावं लागतं.

गाणाऱ्या रखमाक्काला सुनेशी भांडायला लावणं लेखकांना जमेना, आणि न भांडणारी सासू मालिकेला परवडेना. दोन महिन्यांत त्यांनी तिला काशीयात्रेला पाठवलं. ती परत आलीच नाही. शालनताई थोड्या हिरमुसल्या, पण महिनाभरात सांगलीची एक नाटकमंडळी त्यांना शोधत आष्ट्याला आली. नवं संगीत नाटक होतं, त्यात वयस्क राणीची मुख्य भूमिका, आठ पदं. या वेळी कुणी अण्णांची परवानगी मागितली नाही. चहाही एकदाच झाला.

तालमी विश्रामबागेत ब्राह्मीच्या घराजवळच्या सभागृहात सुरू आहेत, पण पाठांतर घरी चालतं. समोर कुणीतरी राजाचे संवाद वाचायला हवं म्हणून शालनताईंनी वही अण्णांच्या हातात दिली. दुकान बंद करून आल्यावर अण्णा दिवाणखान्यात उभे राहिले आणि एका दमात वाचून गेले: "राणीसाहेब आपल्या वियोगानं आमचं काळीज करपून गेलं आहे दोन पावलं पुढं येतो."

"ती दोन पावलं वाचायची न्हाईत, टाकायची हायत," शालनताई म्हणाल्या. "आणि आवं, राजा हाय तुमी. पोत्यावरची चिठ्ठी वाचल्यागत काय वाचताय?"

अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, दोन पावलं पुढं आले, आणि ओळ परत वाचायला घेतली.