अवघड जागेचं दुखणं आणि एक निळा टब

मित्रांनो, कुठलाही टब स्वतःला बादलीपेक्षा शहाणा समजतो. मीही समजतो. मी एक जुना निळा टब आहे. कडेला बोटभर तडा आहे, पण तो अगदी वरच्या अंगाला, त्यामुळे पाणी गळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्याकडे पाहिलं की लोकांना पहिल्यांदा तडाच दिसतो.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. दुकानात आम्ही भावंडं एकात एक बसून गिऱ्हाइकाची वाट बघत होतो. या घरातल्या आईने मला उलटा केला, बुडावर थाप मारली आणि म्हणाली, "बसका आहे. कलंडायचा नाही." एवढी स्तुती माझी पुन्हा कुणी केली नाही.

तिचं बाळ गुटगुटीत होतं, म्हणून सगळे त्याला भोपळ्या म्हणत. माझी कड धरूनच तो बसायला शिकला. मग त्याचे पाय लांबले, तो उभ्याने अंघोळ करू लागला, आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्यात कांदे आले. कांद्यांविषयी माझी तक्रार नाही, पण ते खिदळत नाहीत.

गॅलरीला लागून बाथरूमची खिडकी आहे. भोपळ्या चार वर्षांचा झाला, तेव्हा त्या खिडकीतून रोज सकाळी रडणं ऐकू येऊ लागलं. आई सकाळपाळीला छापखान्यात जाई, म्हणून अंघोळ घालायला आत्या असत, बाबांच्या थोरल्या बहीण. जीवाला जीव देणाऱ्या, पण हाताच्या कडक. मुलग्यांची शूची जागा रोज कातडी मागे ओढून, साबण लावून घासायची असते, असं त्यांना कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं. त्या ते मन लावून करत.

"आत्या, झोंबतं!"

"स्वच्छ नको का राहायला? झालं, झालं."

मग एके दिवशी भोपळ्या शू करतानाही रडला. बाबा घाबरले आणि फोन घेऊन गॅलरीत आले. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. इथे तर डॉक्टरबाई कुणाच्या जावई नव्हत्या, तरी बाबांची जीभ वळेना. "ते... त्याला दुखतंय जरा. म्हणजे... पोटात," ते म्हणाले. मी तिथेच होतो. कांद्यांनी तोंड गच्च भरलेलं असताना मी काय बोलणार? पोटाचं औषध आलं, पोराने ते मुकाट्याने घेतलं, आणि दुखायचं तिथे दुखतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यांनी आईला दारातच गाठलं. "अगं, सकाळपासून शूच केली नाही गं याने. नेलं की मांड्या आवळून उभा राहतो."

आई नुकतीच कामावरून आली होती. तिने त्याला मांडीवर घेतलं, चड्डी उतरवली आणि नीट पाहिलं. जागा लालभडक होऊन सुजली होती. "हे पोट आहे का?" एवढंच ती बाबांना म्हणाली, आणि पोराला उचलून निघाली.

ती येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. आली ती थेट गॅलरीतच, आणि माझ्यातले कांदे तिने भसकन फरशीवर ओतले.

"डॉक्टरबाई म्हणाल्या, सूज आहे, लहान मुलांना होते अशी," मला घासता घासता ती सांगत होती. "पण ओढायचं नाही म्हणजे नाही. या वयात बऱ्याच मुलांची कातडी मागे येत नाही. जबरदस्ती केली की जखम होते. तिथे साबणही नको. कोमट पाण्यात बसवायचं, पाण्यातच शू करू द्यायची, म्हणजे झोंबत नाही. मग अलगद टिपून हे मलम."

"आणि नाहीच केली तर?" बाबांनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत वाट बघायची. नाहीतर मोठ्या दवाखान्यात. कदाचित नळी घालावी लागेल."

आत्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे मीच..."

मला बाथरूममध्ये नेलं आणि माझ्यात पाणी आलं. आईने कोपर बुडवून पाहिलं. भोपळ्या बसला, गुडघे हनुवटीला टेकले. एवढासा जीव, पण धडधड माझ्या बुडापर्यंत येत होती. शू मात्र येईना. आईने चुचकारलं, बाबांनी नळ सोडून पाहिला. पाणी गार झालं, बदललं, पुन्हा गार होऊ लागलं. खिडकीतलं ऊन उतरत चाललं.

"कर ना रे राजा. का नाही करत?"

भोपळ्याने हळूच आत्यांकडे पाहिलं. "पाण्यात शू केली तर आत्या मारते."

खरं होतं ते. मागे एकदा त्याने बादलीत शू केली, तेव्हा पाठीत धपाटा बसला होता. पोर गुणी, धडा विसरलं नव्हतं.

"मी नाही रे मारणार," आत्या म्हणाल्या. भोपळ्याने नाही म्हणून मान हलवली. तेव्हा त्या पुढे सरकल्या आणि ज्या हातांना तो भीत होता, तेच दोन्ही हात त्यांनी माझ्या पाण्यात बुडवले. "माझ्या हातांवर कर. बघ, रागावते का मी."

सगळ्यांच्या आधी मला कळलं, मित्रांनो. नंतर आत्यांना कळलं. त्यांनी हात काढले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या म्हणत होत्या, "शाब्बास रे माझ्या वाघा, शाब्बास!"

मलम लागत राहिलं, सूज उतरली. आता अंघोळीला त्या वरून नुसतं पाणी ओततात.

तर मित्रांनो, एक विनवणी आहे. दुखतं तिथलंच सांगा. लाज वाटली तर आईच्या कानात सांगा, बाबांच्या कानात सांगा, पण सांगा. आणि कोमट पाण्यात बसून शू केली म्हणून कुणी रागावलंच, तर खुशाल म्हणा, टबाची काही हरकत नाही.