टूहींच्या घरातली बाई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी चूल आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यातल्या एका खेड्यात, कोलमन टूहीच्या स्वयंपाकघरात मी साठ वर्षे उभी आहे. ओतशाळेत माझा जन्म झाला आणि चार माणसांनी शिव्या देत मला इथे आणून ठेवले. कोलमनच्या आईने माझ्यात पाव भाजले, माझ्यावर मोजे वाळवले. एकदा तर गारठलेले कोकरू माझ्या उबेत ठेवून तिने जगवले. तेव्हा माझे अंग काळ्या पॉलिशने चकाकत असे.

आई गेली. मग गावातला मोज्यांचा कारखाना बंद पडला आणि सत्तावन्नाव्या वर्षी कोलमन घरी बसला. बेकारभत्ता मिळू लागला, पण त्यात त्याचे पोट भरले तर माझे भरत नसे. पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, विटा महाग झाल्या होत्या. वर्ष उलटल्यावर त्याने जळणभत्त्यासाठी अर्ज केला. अट अशी की घरात दुसरे कमावते माणूस नसावे. कोलमन तर एकटाच! पण कोणीतरी कचेरीला निनावी पत्र धाडले: ‘टूहीच्या घरात बाई आहे. रोज संध्याकाळी दोघांचे भांडण ऐकू येते.’

चौकशीला डर्कनसाहेब आले. दार ठोठावण्याआधी त्यांनी कान लावला. आत कोलमन म्हणत होता, “असं गं काय करतेस बये? सकाळपासून नुसती धुमसतेयस. होतं नव्हतं ते तुला खायला घातलं, तरी तुझं तोंड वाकडंच!”

साहेब थेट आत घुसले. “कुठे आहे ती?”

“कोण?”

“जिला खायला घालता ती!”

कोलमनचे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे बोट दाखवले. साहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिले, कपाट उघडले.

“ही बायकी टोपी कुणाची?”

“आईची.”

“त्या कुठे राहतात?”

“चर्चच्या मागे, दफनभूमीत. अकरा वर्षं झाली. तिचं उत्पन्न लिहायचंय का?”

साहेब ओशाळले. बोलताना तोंडातून वाफ निघतेय, हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले. अंगातला कोट काढण्याची त्यांची छाती झाली नाही.

“कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली,” कोलमन हळूच म्हणाला. “आता घर फार गप्प असतं हो, साहेब.”

“आणि ही... उत्तर देते?”

मी नेमका तेव्हाच धुराचा लोट सोडला. डर्कनसाहेब खोकत खोकत कागदावर वाकले आणि त्यांनी लिहिले: घरातील माणसे, एक.

भत्ता मंजूर झाला. पुढच्या रविवारी टपालकचेरीतली नोरा हेशन अ‍ॅपल-पायची थाळी घेऊन आली.

“कोलमन, ते पत्र मी लिहिलं होतं. मला वाटलं, तू खरंच कुणीतरी आणून ठेवलीयस.”

“असती तर तुझं काय जात होतं?”

नोराने थाळी माझ्यावर आदळली, बाह्या सरसावल्या आणि माझी राख काढायला घेतली. कित्येक महिन्यांनी मला नीट श्वास घेता आला! ती दर रविवारी येऊ लागली. ईस्टरच्या सुमारास कोलमन एकदाचा बोलला, “लग्न केलं तर माझा जळणभत्ता जाईल, नोरा. तू कमावतेस.”

“मग जाऊ दे! माझ्या पगारातून जळण आणू.”

कोलमनने गोंधळून माझ्याकडे पाहिले.

“तिला काय विचारतोस रे?” नोरा कडाडली. “मला उत्तर दे!”

जूनमध्ये त्यांचे लग्न झाले.

मित्रांनो, आम्हा जुन्या चुलींची राख वेळेवर काढत जा. आणि एकट्या शेजाऱ्याच्या घरातून बोलणे ऐकू आले, तर पत्र लिहू नका. दार वाजवा, आणि जाताना थोडे जळण न्या.