पडदेवाल्यांच्या खिशातली कार्डांची डबी

मित्रांनो, व्हिजिटिंग कार्डं ठेवायची एक जुनी पत्र्याची डबी तुमच्याशी बोलते आहे. माझ्या जुळ्या बहिणी तंबाखूच्या नादी लागल्या. मी पडदे शिवणाऱ्या एका गृहस्थांच्या खिशात गेले. त्यांनी झाकण उघडमीट करून "झकास!" म्हटले. माझे कौतुक तिथेच संपले.

पुढे दुकानात काम आटले. शिवणकाम करणाऱ्या दोघींना घरी बसवायची पाळी आली. तेव्हा मालक व्यावसायिकांच्या मेळाव्यांना जाऊ लागले. जाताना माझे पोट भरलेले असे, येताना रिकामे. फोन मात्र एकही येत नसे.

"अहो, लग्नातल्या अक्षता वाटल्यासारखी कार्डं वाटता," मालकीणबाई म्हणाल्या. "एका तरी माणसाशी धड बोललात का?"

मालकांना ते लागले. पुढच्या मेळाव्यात चहाच्या टेबलापाशी एक गृहस्थ एकटेच उभे होते. त्यांचा धंदा उंदीर-झुरळे मारण्याचा. ते कळल्यावर लोक बिस्किटासकट दूर सरकत. मालक मात्र थांबले. उंदीर आधी काय कुरतडतो, असे त्यांनी मनापासून विचारले.

"पडदेच की हो!" उंदीरवाले खुलले. मग दोघांचा चहा गार होईपर्यंत गप्पा झाल्या.

शेवटी कार्डांची देवाणघेवाण झाली. मालकांनी उंदीरवाल्यांचे कार्ड आपल्याच कार्डांवर ठेवून मला मिटले. मला तोंड आहे, पण वाचा नाही.

तेवढ्यात एका हॉटेलच्या मॅनेजरबाई घाईत आल्या. "पडदे शिवणारे तुम्हीच ना? सगळ्या खोल्यांचे बदलायचेत. कार्ड द्या, उद्या फोन करते."

मालकांनी रुबाबात वरचे कार्ड दिले. मग स्वतः घरी तरंगतच आले.

दुसरा दिवस फोनकडे बघण्यात गेला. संध्याकाळी त्यांनी शिवणकाम करणाऱ्या दोघींना समोर बसवले. "तुम्ही दुसरीकडे काम बघा" हे शब्द तोंडात घोळवत असताना दारात उंदीरवाले हजर.

"काय राव, मला पडदे शिवायला लावता?" ते म्हणाले. "हॉटेलच्या बाईंनी फोनवर खिडक्यांची मापं सांगायला सुरुवात केली. म्हटलं, बाई, मी उंदीर मारतो. पडद्यांसाठी माझ्या मित्राला फोन करा. पण तुमचा नंबर सांगतोय तोवर त्यांना दुसरा फोन आला. म्हणून हॉटेलात जाऊन त्यांना थांबायला सांगून आलोय. टेप घ्या, चला!"

मालकांनी टेप घेतली. त्या दोघींना म्हणाले, "उद्या जरा लवकर या."

मित्रांनो, आता कार्डं फोनमधून जातात आणि मी ड्रॉवरमध्ये टाचण्या सांभाळते. तक्रार नाही. तुम्ही मोठे झालात की अशा मेळाव्यांना जाल. तिथे सगळ्यांना भेटण्याची घाई करू नका, पण एकट्या उभ्या असलेल्या माणसाची नीट विचारपूस करा. आणि कार्ड देण्याआधी एकदा वाचून बघा. उंदीरवाले काही प्रत्येकाच्या नशिबात नसतात.